नफ्याचे स्क्रीनशॉट आणि टेरन्स ओडीनचे आकडे

मराठीत सध्या सगळ्यात जोरात वाढणारा वाङ्मयप्रकार कोणता, असं कुणी विचारलं तर मी कथा-कविता-कादंबरी यांतलं एकही नाव घेणार नाही. मी सांगेन, ट्रेडिंगच्या कोर्सची जाहिरात. या प्रकाराचं आता स्वतःचं व्याकरण तयार झालंय. आधी नायकाची गरिबी, मग नोकरीतला अपमान, मग तोट्याचा काळाकुट्ट काळ, मग एके रात्री झालेला साक्षात्कार आणि शेवटी हिरव्या आकड्याचा स्क्रीनशॉट. खाली टेलिग्रामची लिंक. या सगळ्या जाहिरातींमागचा सिद्धान्तही एकच असतो : मार्केटमध्ये पैसा पडलेलाच आहे, तो तुम्हाला मिळत नाही कारण तुमचा ‘माइंडसेट’ चुकीचा आहे. तो आम्ही दुरुस्त करून देतो, फी अमुक हजार.

माझं म्हणणं असं की हा सिद्धान्त खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे पंचवीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. त्याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे या लोकांनी तो ज्या संशोधनातून उचललाय, त्याच संशोधनाने त्यांच्या धंद्याचं दिवाळं वाजवलंय. त्यांनी रोगाचं नाव तेवढं उचललं आणि औषध म्हणून रोगच बाटलीत भरून विकायला काढला.

आधी मी हे कुठून बोलते ते सांगते. मी पुण्यात एका छोट्या ऑफिसात इन्कम टॅक्सची रिटर्न भरण्याचं काम करते. अर्थतज्ज्ञ वगैरे नाही. पण गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांचा रंग बदललाय. पूर्वी पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा आला की फॉर्म १६, बँकेचं व्याज, फार तर भाडेपावती, की झालं काम. आता तो फोन पुढे करतो आणि म्हणतो, “मॅडम, थोडं एफ अँड ओ पण केलंय.” या ‘थोडं’ शब्दाची मला धास्ती बसलीये. कारण ब्रोकरचं स्टेटमेंट डाउनलोड केलं की त्यात शेकडो, कधी हजारो सौदे निघतात.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण कोर्सवाले ती सांगत नाहीत. फ्युचर्स-ऑप्शन्समधला नफा-तोटा आपल्या कायद्यात धंद्याचं उत्पन्न धरला जातो. म्हणजे तुमचा तो धंदा आहे, तुम्हाला वाटो न वाटो. आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही. पगारावर पूर्ण टॅक्स भरायचा आणि तोटा वेळेत रिटर्न भरून पुढच्या आठ वर्षांसाठी ओढत न्यायचा, कधी तरी याच जातीचा नफा होईल या आशेवर. शेअर्समधलं इंट्राडे तर कायद्यानेच ‘स्पेक्युलेटिव्ह’, साध्या मराठीत सट्टा. त्याचा तोटा चारच वर्षं पुढे नेता येतो.

तर या मुलांना मी आकडा वाचून दाखवते तेव्हा दहापैकी निदान सात जणांचा चेहरा सारखाच होतो. “एवढा? नाही हो मॅडम, मी साधारण बरोबरीत होतो.” खोटं बोलत नसतात ते. त्यांना खरंच तसं वाटत असतं. जिंकलेले सौदे लक्षात राहिलेले असतात, आणि ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी यांची बेरीज कुणी केलेलीच नसते. माणसाला स्वतःच्या तोट्याचा आकडाच माहीत नसतो, ही गोष्ट मला इतकी विचित्र वाटली की मी त्यावर वाचायला लागले. त्या वाचनात टेरन्स ओडीन सापडला.

टॅक्सीवाला ते प्राध्यापक

टेरन्स ओडीन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या हास बिझनेस स्कूलमधले फायनान्सचे प्राध्यापक. त्यांच्या अधिकृत परिचयात एक ओळ आहे जी फायनान्सच्या प्राध्यापकांच्या परिचयात सहसा नसते : १९७०च्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कमध्ये पिवळी टॅक्सी चालवत होते. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९० साली, त्यांनी बर्कलीतून संख्याशास्त्राची पदवी घेतली. पीएचडी १९९७ची. ज्या वयात इथली माणसं मुलाच्या बारावीची काळजी करतात, त्या वयात हा माणूस वर्गात बसून शिकत होता. शिकवायला डॅनियल काहनेमन होते, माणूस निर्णय कसे घेतो आणि कुठे घसरतो याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ओडीन यांनी त्यांच्या वर्गात शिकलेलं मानसशास्त्र शेअर बाजाराला लावून बघायचं ठरवलं.

त्या काळच्या फायनान्समध्ये हे तसं आगाऊपणाचंच होतं. बाजार कार्यक्षम असतो, किमतीत सगळी माहिती आधीच उतरलेली असते, आणि सामान्य गुंतवणूकदाराच्या चुका एकमेकींना खोडून काढतात, असं मानणाऱ्यांचा दबदबा होता. त्यामुळे साधा माणूस खरंच काय खरेदी करतो, कधी विकतो, त्याच्या हाती काय उरतं, हे मोजायच्या फंदात फारसं कुणी पडत नव्हतं. ओडीन यांनी एका डिस्काउंट ब्रोकरकडून गिऱ्हाइकांच्या खात्यांचा डेटा मिळवला. ब्रोकरचं नाव त्यांच्या निबंधात येत नाही. मग ब्रॅड बार्बर या प्राध्यापकाबरोबर त्यांनी त्या खात्यांवर एकामागून एक निबंध लिहिले. कुणाची मुलाखत नाही, सर्व्हे नाही. कोण काय म्हणाला हे सोडून कोणी काय केलं तेवढंच बघायचं. रिटर्न भरणाऱ्या बाईला हा माणूस आवडणारच.

६६,४६५ घरांचा हिशोब

यातला सगळ्यात गाजलेला निबंध २००० साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये आला. ट्रेडिंग तुमच्या संपत्तीला घातक आहे, असं त्याचं नावच सांगतं. १९९१ ते १९९६ या काळातली ६६,४६५ कुटुंबांची खाती. त्या वर्षांत अमेरिकन बाजाराने वर्षाला १७.९ टक्के परतावा दिला. सरासरी कुटुंबाच्या हाती १६.४ टक्के आले. आणि जी कुटुंबं सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करत होती त्यांना मिळाले ११.४ टक्के.

हे टक्के कागदावर किरकोळ दिसतात, म्हणून रुपयांत मांडते. एक लाख रुपये सहा वर्षं १७.९ टक्क्यांनी वाढले तर साधारण २ लाख ६९ हजार होतात. ११.४ टक्क्यांनी वाढले तर १ लाख ९१ हजार. फरक ७८ हजारांचा. हा माणूस सहा वर्षं रोज पेपर वाचत होता, ब्रोकरला फोन करत होता, चार्ट बघत होता, आणि त्या सगळ्या मेहनतीची मजुरी म्हणून त्याने स्वतःच्या खिशातून ७८ हजार मोजले.

पण या निबंधातली खरी मेख पुढे आहे. खर्च वजा करण्याआधीचा परतावा बघितला तर जास्त सौदे करणारे आणि कमी सौदे करणारे यांच्यात जवळपास फरकच नव्हता. म्हणजे ते मूर्ख नव्हते, त्यांचे शेअर काही भयंकर निवडलेले नव्हते. त्यांना बुडवलं ते सौद्यांच्या खर्चाने. तेव्हा एक शेअर घेऊन विकायला कमिशनचे सुमारे ३ टक्के जायचे, आणि खरेदी-विक्रीच्या भावातल्या फरकात आणखी १ टक्का. मग माणूस इतके सौदे का करतो? बार्बर-ओडीन यांचं उत्तर एका शब्दात आहे : अतिआत्मविश्वास. आपल्याला जे कळलंय ते इतरांपेक्षा जास्त आहे, असं वाटत राहणं.

आता माझ्या पहिल्या आरोपाकडे या. निदान आहे अतिआत्मविश्वासाचं. त्यावर कोर्सवाला काय देतो? आत्मविश्वास. “तुम्ही करू शकता.” “भीती सोडा.” “मार्केट तुमच्याशी बोलतं, ऐकायला शिका.” पाच हजारांत दोन दिवसांची कार्यशाळा करून पोरगा बाहेर पडतो तेव्हा त्याला कॅन्डलस्टिकची बारा नावं येत असतात आणि आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं अशी त्याची खात्री झालेली असते. म्हणजे जो आजार ओडीन यांनी मोजला, त्याचाच डोस त्याला फी घेऊन पाजलेला असतो. आणि त्या निबंधातून निघणारं खरं औषध, म्हणजे कमी सौदे करा, बाजारात विकताच येत नाही. ‘काहीही करू नका’ या विषयावर आठ तासांचा वेबिनार कोण घेणार?

लाल आकडा झाकून ठेवणं

ओडीन यांचा त्याआधीचा, १९९८चा निबंध १०,००० खात्यांवर आहे. प्रश्न साधा होता. माणूस कोणता शेअर विकतो, नफ्यातला की तोट्यातला? आढळलं असं की नफ्यातला शेअर विकला जाण्याची शक्यता तोट्यातल्यापेक्षा साधारण दीडपट होती. पेरूच्या पाटीतले चांगले पेरू आधी विकायचे आणि किडके घरी ठेवायचे, तशी गत. बरं, ते तोट्यातले शेअर ठेवून फायदा झाला का? विकलेल्या नफ्यातल्या शेअर्सनी पुढच्या वर्षभरात ठेवलेल्या तोट्यातल्या शेअर्सपेक्षा ३.४ टक्के जास्त परतावा दिला.

या सगळ्याला अपवाद एकाच महिन्याचा, डिसेंबरचा. तिकडे कर-वर्ष डिसेंबरअखेर संपतं. टॅक्स वाचवायचा म्हणून त्या महिन्यात लोक तोट्यातले शेअर विकून मोकळे व्हायचे. मला हे वाचून हसू आलं, कारण हेच मी इथे मार्चमध्ये बघते. कागदावर हिशोब मांडायला लावला की माणूस शहाण्यासारखा वागतो. अकरा महिने कुणी हिशोब मागत नाही, म्हणून लाल आकडा झाकलेला राहतो. “विकला नाही तोवर लॉस नाही” हे वाक्य मी माझ्या ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय की ते भिंतीवर लिहून ठेवावं असं वाटतं, खाली ‘असं बोलू नये’ अशी पाटी लावून.

१९९९च्या निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. माणूस एक शेअर विकून दुसरा घेतो तेव्हा घेतलेला शेअर विकलेल्यापेक्षा चांगला निघतो का? निदान सौद्याचा खर्च भरून येण्याइतका तरी? आढळलं उलटंच. पुढच्या वर्षात विकलेले शेअर घेतलेल्या शेअर्सपेक्षा सरासरी तीन टक्क्यांहून जास्त चढले, तेही कमिशन धरण्याआधी.

खिशातला ब्रोकर

इथे कुणी तरी म्हणणार, “हे नव्वदच्या दशकातलं आहे. तेव्हा फोनवर ऑर्डर, भरमसाट कमिशन. आता झिरो ब्रोकरेज आहे, सगळी माहिती फोनवर आहे.” हा आक्षेप रास्त आहे, आणि ओडीन यांनी त्याचं उत्तर दोनदा दिलंय.

पहिलं २००२ साली. नव्वदच्या दशकात फोनवरून ऑनलाइन ट्रेडिंगकडे वळलेल्या १,६०७ गुंतवणूकदारांचा हा अभ्यास. ऑनलाइन जाण्याआधी ही मंडळी बाजाराच्या वर्षाला २ टक्क्यांहून जास्त पुढे होती. साहजिकच त्यांना आपण हुशार आहोत असं वाटलं आणि ती ऑनलाइन गेली. त्यानंतर त्यांचे सौदे वाढले, सट्टेबाजी वाढली आणि ती बाजाराच्या ३ टक्क्यांहून जास्त मागे पडली. माणसं तीच होती. फक्त बटण जवळ आलं होतं. तेही तेव्हा टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. तुमच्या उशाखाली जे आहे त्याच्या तुलनेत ते बटण म्हणजे पंचक्रोशीत एकच एसटीडी बूथ असावा तसं.

दुसरं उत्तर २०२२चं आहे. अमेरिकेतल्या रॉबिनहूड या अ‍ॅपवर ब्रोकरेज शून्य होतं. बार्बर, ओडीन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बघितलं की रॉबिनहूडवर ज्या दिवशी जे शेअर सगळ्यात जास्त खरेदी झाले, त्यांचं पुढे काय झालं. पुढच्या २० दिवसांत ते बाजाराच्या हिशोबाने सरासरी ४.७ टक्के मागे पडले. कमिशन शून्य झालं तरी नुकसान राहिलंच, कारण आता सगळे एकाच वेळी एकाच शेअरवर तुटून पडत होते. का? अ‍ॅप त्यांना तेच दाखवत होतं म्हणून. दिवसाच्या सर्वाधिक हललेल्या शेअर्सची छोटी, सुबक यादी. हजारो शेअर्समधून काय घ्यायचं हे माणसाला ठरवता येत नाही, म्हणून तो नजरेत भरलेलं घेतो. विकताना मात्र हातातले पाच-सातच शेअर असतात, तिथे नजर भरकटायचा प्रश्नच येत नाही. ही कल्पना त्यांनी २००८ सालीच मांडली होती. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी तिचं भांडवल केलं.

म्हणून ‘माइंडसेट’वाल्यांशी माझं दुसरं भांडण आहे. दोष माणसाच्या डोक्यात असेलही, पण ते डोकं सगळ्यांना सारखंच मिळालंय आणि ते बदलून मिळत नाही. बदलता येते ती स्क्रीन. नोटिफिकेशन कधी वाजवायचं, कोणता आकडा हिरवा मोठा करायचा, कोणता तीन मेनूंच्या आत लपवायचा, हे कुणी तरी पगार घेऊन ठरवतं. त्याबद्दल एक शब्द न बोलता बावीस वर्षांच्या पोराला शिस्तीचं प्रवचन देणं म्हणजे बार उघडून त्यात व्यसनमुक्तीची पुस्तकं विकणं आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण माझ्या टेबलासमोर बसणारे बहुतेक पुरुषच असतात. २००१ साली बार्बर-ओडीन यांनी ३५,०००हून जास्त कुटुंबांच्या खात्यांत पुरुष आणि स्त्रिया यांची तुलना केली. पुरुषांचे सौदे स्त्रियांपेक्षा ४५ टक्के जास्त. सौद्यांमुळे पुरुषांचा निव्वळ परतावा वर्षाला २.६५ टक्के घटला, स्त्रियांचा १.७२. तरीही घरात “तुला नाही कळणार त्यातलं” हे वाक्य कोण कुणाला म्हणतं ते तुम्हीच सांगा.

तैवान, मग आपण

अमेरिकेचं सोडा. तैवानच्या शेअर बाजारातले १९९५ ते १९९९ या काळातले सगळेच्या सगळे सौदे बार्बर-ओडीन आणि त्यांच्या तैवानी सहकाऱ्यांना अभ्यासायला मिळाले. एका ब्रोकरची गिऱ्हाइकं नव्हेत, अख्खा बाजार. सामान्य गुंतवणूकदारांनी एकत्रितपणे ट्रेडिंगमुळे वर्षाला ३.८ टक्क्यांचा फटका खाल्ला. तो पैसा म्हणजे तैवानच्या जीडीपीच्या २.२ टक्के होता. आणि तो हवेत विरला नाही. एक भाग कमिशनमध्ये गेला, एक सरकारी करात, आणि उरलेला समोरच्या बाजूला बसलेल्या संस्थांच्या खात्यात.

आता आपल्याकडे बघू. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांचा आहे. फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा कमावणारे १ टक्का. तीस वर्षांखालच्या ट्रेडर्सचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त ट्रेडर्सनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलेलं होतं. ट्रेडर्सच्या संख्येत सगळ्या राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा.

आणि समोरची बाजू? २०२३-२४मध्ये ब्रोकर आणि ट्रेडिंग कंपन्यांच्या स्वतःच्या खात्यांवरच्या सौद्यांनी सुमारे ३३ हजार कोटी, तर परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी ठोक नफा कमावला. त्यातला जवळपास सगळा नफा अल्गोरिदमने, म्हणजे मशीनने केलेल्या सौद्यांतून. त्याच वर्षी सामान्य माणसांचा ठोक तोटा ६१ हजार कोटी. बेरीज तुम्हीच करा, तिला कोर्स लागत नाही.

त्यानंतर सेबीने कॉन्ट्रॅक्टचा आकार किमान १५ लाखांपर्यंत वाढवला, आठवड्याच्या एक्स्पायऱ्या प्रत्येक एक्स्चेंजला एकेकच ठेवल्या. तरी २०२४-२५मध्ये ९१ टक्के लोकांना तोटाच झाला आणि निव्वळ तोट्याचा आकडा १ लाख ५ हजार कोटींवर गेला. आधीच्या वर्षापेक्षा ४१ टक्के जास्त.

तीन सबबी

पहिली सबब : “पण एक टक्का लोक कमावतातच ना?” कमावतात. ओडीन हे नाकारत नाहीत. तैवानच्या डे-ट्रेडर्सच्या १९९२ ते २००६च्या अभ्यासात खर्च वजा जाता सातत्याने, भरवशाने कमावणारे सापडले. त्यांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. ते नशिबाने जिंकत नव्हते, त्यांच्याकडे खरंच कसब होतं. पण ते कमावतात म्हणजे कुणाकडून कमावतात? डेरिव्हेटिव्हमध्ये माझा रुपया हा तुमचाच गेलेला रुपया असतो. तेव्हा ज्याच्याकडे असं कसब आहे, तो ते ४,९९९ रुपयांत शंभर जणांना शिकवून स्वतःचे स्पर्धक का तयार करील?

दुसरी सबब : “सुरुवातीचा तोटा म्हणजे शिकण्याची फी.” हे ऐकायला फार गोड आहे. पण फी भरून कुणी पास होतंय का, हे तर बघाल? सेबीच्या अभ्यासात दोन वर्षं सलग तोटा सोसूनही पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त लोक ट्रेडिंग करतच राहिले. तैवानमध्येही मोठ्या तोट्याचा इतिहास असलेले डे-ट्रेडर्स टिकून होते. वर्षानुवर्षं फी भरून त्याच वर्गात बसणाऱ्याला आपण शाळेत काय म्हणायचो ते आठवा.

तिसरी सबब नवी आहे. जुलै २०२५मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग फर्मवर बाजारात गैरप्रकार केल्याचा ठपका ठेवत अंतरिम आदेश काढला, ४,८४३ कोटींहून जास्त रक्कम जप्त करायला सांगितली. कंपनीला आरोप मान्य नाहीत. काय खरं ते ठरेल तेव्हा ठरेल. पण त्या आठवड्यात टेलिग्रामवर एकच जल्लोष होता : “बघा, आमचा तोटा यांच्यामुळे!” ओडीन यांच्या अभ्यासातल्या त्या ६६,४६५ घरांना कुणी लुबाडलेलं नव्हतं. बाजार सरळ होता, तरी त्यांचं नुकसान झालं. चोर पकडलाच पाहिजे. पण चोर पकडला की ऑप्शन्स खरेदी करणं शहाणपणाचं ठरेल, असं समजणाऱ्याचं दुखणं वेगळं आहे.

आणि काका मंडळींसाठी

हे वाचून घरातले वडीलधारे खूश होतील. “आम्ही सांगतच होतो, शेअर मार्केट म्हणजे जुगार. एफडी करा.” थांबा काका, ओडीन तुमच्याही बाजूने नाहीत. त्या ६६,४६५ घरांतली जी घरं सगळ्यात कमी सौदे करत होती, त्यांनी वर्षाला १८.५ टक्के मिळवले. शेअर घेऊन ठेवणं आणि शेअरची रोज उलाढाल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळं संशोधन या फरकाभोवतीच फिरतं. तुम्ही दोन्हींना एकाच शब्दाने जुगार म्हणालात, म्हणून पोराला वाटलं की जुगारच खेळायचा असेल तर निदान जोरात खेळू. साधा इंडेक्स फंड, महिन्याची एसआयपी आणि अ‍ॅप उघडायचा आळस, यावर घरात कधी बोलणंच झालं नाही. ती जागा रील्सनी भरून काढली.

मग मागायचं काय

ट्रेडिंगवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. सज्ञान माणसाला स्वतःचे पैसे घालवायचा हक्क आहे. पण तो हक्क बजावताना त्याला स्वतःचा आकडा माहीत असायला हवा. २०२३पासून ब्रोकर्सना एक इशारा दाखवणं बंधनकारक आहे की एफ अँड ओमध्ये दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखा आता तो कुणाला दिसत नाही. कारण दहापैकी नऊ म्हणजे इतर नऊ, असंच प्रत्येकाला वाटतं. अतिआत्मविश्वास म्हणतात तो हाच.

इतरांचा आकडा दाखवून उपयोग नाही. अ‍ॅप उघडल्यावर पहिल्या स्क्रीनवर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, तुमचा स्वतःचा हिशोब यावा : खातं उघडल्यापासून आजपर्यंत, सगळे खर्च धरून, निव्वळ किती. शेजारी हेच पैसे निफ्टीच्या इंडेक्स फंडात असते तर आज किती असते. हे दोन आकडे ब्रोकरकडे या क्षणी आहेत. मला ते काढायला ऑफिसात अर्धा तास लागतो, त्यांच्या सर्व्हरला अर्धा सेकंदही लागणार नाही. सेबीने हा एक नियम करावा. नव्वदच्या दशकात एका संशोधकाला ब्रोकरकडून डेटा मिळवून जे शोधावं लागलं, ते आज प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःपुरतं फुकट दिसू शकतं. दिसत नाही, कारण दिसलं तर सौदे कमी होतील आणि ब्रोकरचं पोट सौद्यांवर आहे.

कोर्सवाल्यांसाठी सेबीने जानेवारी २०२५मध्ये बंधन घातलं की शिकवताना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. चांगलं आहे, पण पुरेसं नाही. स्क्रीनशॉट एका दिवसाचा असतो, आणि बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं. नफ्याच्या जोरावर कुणी शिकवणार असेल तर त्याने वर्षाचा हिशोब दाखवावा.

आणि सेबीचा नियम येईपर्यंत तुम्हाला वाट बघायची गरज नाही. पुढच्या वेळी कुणी हिरवा आकडा नाचवत फी मागितली तर त्याला नम्रपणे विचारा : सर, गेल्या तीन वर्षांचे आयटीआर-३ दाखवता का? ट्रेडिंगमधून किती आणि कोर्समधून किती, तेवढे दोनच आकडे. पॅन झाकून दाखवा, हरकत नाही. मी अनेकांना हा प्रश्न विचारायला लावलाय. ग्रुपमधून काढून टाकण्यापलीकडे अजून एकालाही उत्तर मिळालेलं नाही.